३५ हजारांची वेबसाइट, की फुकटचा ब्लॉग?

प्रश्न: मी वाई तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. गेली अकरा वर्षं सातारा जिल्ह्यातल्या वीरगळांच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांच्या, नोंदी करते आहे: गाव, शिळेची उंची-रुंदी, किती कप्पे, कुठल्या कप्प्यात काय कोरलंय, आणि फोटो. लिहिलेलं फेसबुकवर टाकते, पण दोन महिन्यांनी माझं मलाच सापडत नाही. जुन्या नोंदी संगणकावर श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या आहेत. आता स्वतःची वेबसाइट करावी म्हणते. भाचा म्हणतो, वर्डप्रेसच कर. वेबसाइट करून देणाऱ्या एकानं ३५ हजार सांगितले. मैत्रीण म्हणते, ब्लॉगरवर फुकट होतं. मला कोडिंग येत नाही आणि या वयात शिकायचंही नाही. वर्षाला दोन हजारांपर्यंत खर्च झेपेल. पत्ता मराठीत, म्हणजे डॉट भारत असा मिळतो असं ऐकलं. तो घ्यावा का?

उत्तर: ताई, ३५ हजार तूर्त बँकेतच राहू द्या. महिन्यातून दोन-तीन लेख, भरपूर फोटो, गावांप्रमाणे वर्गवारी आणि व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असा पक्का दुवा, एवढं तुमचं काम. त्याला ब्लॉगर, म्हणजे गूगलची मोफत ब्लॉगसेवा, पुरतं. त्यावर स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, जोडलं की सगळा खर्च डोमेनचाच, वर्षाला साधारण ७०० ते १,३०० रुपये. बाकीचं फुकट.

तुमचा भाचा चुकीचं सांगत नाही. फक्त त्याला विचारा, 'कोणतं वर्डप्रेस?' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि पुष्कळांचे पैसे या गोंधळातच जातात. २००३ साली आलेलं वर्डप्रेस हे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं, पण ठेवायला जागा, म्हणजे होस्टिंग, आपण विकत घ्यायचं. वर्डप्रेस डॉट कॉम ही २००५ साली सुरू झालेली सेवा. तिथं जागा तेच देतात आणि सगळी देखभालही तेच करतात. फुकटच्या योजनेत १ जीबी जागा मिळते, वर त्यांच्या जाहिराती दिसतात आणि स्वतःचं डोमेन जोडता येत नाही. जोडायचं तर वार्षिक योजना घ्या. तिच्यासोबत डोमेन पहिल्या वर्षी मोफत, दुसऱ्या वर्षापासून त्याचं बिल वेगळं. फोटोंच्या बाबतीत तुमचा हात सढळ दिसतो. १ जीबी संपायला वेळ लागणार नाही.

होस्टिंग विकत घेऊन स्वतः वर्डप्रेस चालवणं दिसतं सोपं. होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमध्ये एक बटण दाबलं की दहा मिनिटांत साइट उभी राहते. अडचण अकराव्या मिनिटाला नाही, अकराव्या महिन्यात येते. मूळ सॉफ्टवेअर, थीम (साइटचं रूप) आणि आठ-दहा प्लगइन (जादा सोयींचे जोड) या सगळ्यांची अपडेट्स वेगवेगळ्या वेळी येत राहतात. त्यातली दोन एकमेकांना पटली नाहीत की साइट उघडल्यावर गंभीर चुकीचा संदेश किंवा नुसतं कोरं पान दिसतं, आणि ते दुरुस्त करायला कधीकधी फाइल मॅनेजरमध्ये शिरून त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलावं लागतं. अपडेट न करता तसंच ठेवलं तर वर्ष-दोन वर्षांत कुणीतरी शिरतं आणि तुमच्या वीरगळांच्या पानावर औषधांच्या जाहिराती झळकू लागतात. शिवाय होस्टिंगचा जाहिरातीतला दर पहिल्या मुदतीपुरताच असतो. नूतनीकरणाला तो दुप्पट-तिप्पट होतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. तुमच्या दोन हजारांत हे बसणार नाही. बसलं तरी देखभाल कोण करणार? भाचा पुण्याला किंवा परदेशी गेला की प्रश्न उभा.

आता ब्लॉगरचे दोष. आम्ही सुचवतो म्हणून ते झाकायचे नाहीत. ब्लॉगर १९९९ साली सुरू झालं, २००३ साली गूगलनं ते विकत घेतलं, आणि गेली बरीच वर्षं त्यात नवं असं फारसं काही आलेलं नाही. दिसायला ते जरा जुनाट आहे. पत्त्यात वर्ष आणि महिना येतो, तो काढता येत नाही. एकात एक अशी वर्गवारी नाही, नुसती लेबलं. आणि मोठी भीती म्हणजे गूगलला कंटाळा आला तर? ती भीती खोटी नाही. गूगल रीडर २०१३ साली बंद झालं, गूगल प्लस २०१९ साली. पण पैसे भरून घेतलेली सेवाही कायमची नसते. टाइपपॅड ही २००३ पासूनची पैसे घेऊन चालणारी ब्लॉगसेवा, ती ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली, आणि लोकांना आपलं लेखन हलवायला जेमतेम महिना मिळाला. म्हणून निवडताना आधी पाहायचं ते हे की यातून बाहेर कसं पडता येतं. ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमधून सगळ्या लेखांची आणि प्रतिक्रियांची एक फाइल उतरवून घेता येते आणि ती वर्डप्रेसमध्ये आत घेता येते. डोमेन तुमचं असेल तर नव्या जागीही तोच पत्ता.

तेव्हा पहिलं काम डोमेनचं. ते तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच मोबाइल नंबरावर घ्यायचं. 'आम्ही घेऊन देतो' म्हणणाऱ्याच्या खात्यात घेतलं तर ते नाव कागदोपत्री त्याचं. तीन वर्षांनी त्याचं दुकान बंद झालं की तुमचा पत्ता गेला. विक्रेता निवडताना पहिल्या वर्षीच्या ९९ किंवा १९९ रुपयांना भुलू नका. त्याच पानावर नूतनीकरणाचा दर लिहिलेला असतो, तो पाहा. यूपीआय घेणारा आणि जीएसटीचं बिल देणारा विक्रेता बरा. परदेशी विक्रेत्याकडे कार्डावरची आपोआप वसुली भारतात बऱ्याचदा अडकते, आणि ती अडकल्याचं कळतं ते साइट बंद पडल्यावर. खरेदीच्या शेवटच्या पानावर ईमेल, वेबसाइट बिल्डर, एसएसएल प्रमाणपत्र अशा खुणा आधीच करून ठेवलेल्या असतात, त्या काढून टाका. एसएसएल, म्हणजे वाचक आणि साइट यांच्यातली देवघेव सुरक्षित ठेवणारी सोय, ब्लॉगर फुकट देतं.

मुदत संपली तर काय होतं तेही सांगून ठेवतो. विक्रेत्याप्रमाणे काही दिवस नेहमीच्या दरात नाव परत मिळतं. नंतर डॉट कॉमसारख्या नावांना ३० दिवसांचा काळ असतो, त्यात ते सोडवायला जबर दंड पडतो. पुढे पाच दिवसांनी ते बाजारात येतं आणि कुणीही घेऊ शकतं. शक्य असेल तर एकदम तीन वर्षांचे पैसे भरा.

डॉट भारतविषयी. देवनागरीतलं हे डोमेन २०१४ पासून मिळतं आणि मराठीत नाव घेता येतं. कौतुक म्हणून घ्या, हरकत नाही. मुख्य पत्ता म्हणून घेऊ नका. यंत्राच्या पोटात हे नाव रोमन अक्षरांच्या एका गिचमिड साखळीत बदलून ठेवलेलं असतं, आणि कितीतरी ॲप्समध्ये तीच साखळी वर येते. काही ठिकाणी तर तो दुवा आहे हे ॲपला कळतच नाही, नुसता मजकूर म्हणून पडून राहतो. टाइप करणाऱ्याचाही प्रश्न आहेच: 'वीरगळ' की 'विरगळ'? पहिली वेलांटी की दुसरी, यावर वाचक तुमच्या घरी पोचणार की नाही ते ठरणार असेल तर अवघड आहे. रोमन लिपीत, दहा-बारा अक्षरांत बसणारं, फोनवर सांगताना स्पेलिंग फोडून सांगावं न लागणारं नाव घ्या. डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतील.

डोमेन ब्लॉगरला जोडणं हा या कामातला सर्वांत तांत्रिक भाग. अर्धा तास शांत बसून करायचा. ब्लॉगरमध्ये सेटिंग्ज, प्रकाशन, कस्टम डोमेन इथं जा आणि पुढे तीन डब्ल्यू लावून आपलं नाव लिहा. सेव्ह केलं की लाल अक्षरांत चूक दाखवली जाईल. घाबरू नका, तीच हवी आहे. तिच्यात दोन जोड्या दिलेल्या असतात. पहिलीत तीन डब्ल्यू आणि जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम. दुसरीत फक्त तुमच्या ब्लॉगसाठीचे दोन लांबलचक संकेत. हे पान उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीत डोमेन विक्रेत्याच्या खात्यात शिरा, डीएनएसचं, म्हणजे हे नाव कुठल्या साइटकडे न्यायचं त्या नोंदींचं, पान काढा आणि सी-नेम प्रकारच्या दोन नोंदी घाला. डाव्या रकान्यात पहिला भाग, उजव्यात दुसरा, कॉपी करून. हातानं टाइप करू नका. इथं हमखास तीन चुका होतात. विक्रेत्यानं तीन डब्ल्यूची स्वतःची एक नोंद आधीच घालून ठेवलेली असते, ती न पुसता नवी घातली तर ती घेतलीच जात नाही. डाव्या रकान्यात नुसतं तीन डब्ल्यू लिहायचं असताना लोक पूर्ण पत्ता लिहितात, आणि पॅनेल त्यापुढे पुन्हा डोमेन जोडतं. तिसरी चूक कॉपी करताना शेवटी चिकटलेली रिकामी जागा.

तीन डब्ल्यू न लावताही साइट उघडावी यासाठी ए प्रकारच्या चार नोंदी घालाव्या लागतात. डावीकडे ॲट दि रेटचं चिन्ह, उजवीकडे २१६.२३९.३२.२१. उरलेल्या तिन्हींत फक्त तिसरा आकडा बदलतो: ३४, ३६, ३८. आकडे अर्थातच इंग्रजी कळांनी. मग ब्लॉगरमध्ये परत येऊन सेव्ह करा, त्याखालचं डोमेन पुनर्निर्देशन सुरू करा आणि एचटीटीपीएसची दोन्ही बटणं चालू करा. लगेच काही दिसलं नाही तर पुन्हा पुन्हा बदल करत बसू नका. या नोंदी जगभर पसरायला एक-दोन दिवसही लागू शकतात, आणि तोवर ब्राउझर 'सुरक्षित नाही' असं म्हणत राहतो. दर तासाला काहीतरी बदलणाऱ्याला शेवटी आपण काय केलं होतं तेच आठवत नाही.

आता मराठीत लिहिणाऱ्यांनाच छळणारी गोष्ट. इंग्रजी मार्गदर्शनात ती कुठंच सापडत नाही. तुम्ही लेखाला 'किकलीचे वीरगळ' असं शीर्षक दिलंत. ब्लॉगरला पत्त्यात देवनागरी चालत नाही, म्हणून ते सगळी अक्षरं गाळतं आणि पत्ता करतं नुसतं 'ब्लॉग-पोस्ट'. पुढच्या लेखाला तेच नाव आणि मागे एखादा आकडा. शंभर लेख झाले की शंभर पत्ते सारखेच, कुठला कोणता ते उघडल्याशिवाय कळत नाही. वर्डप्रेसची तऱ्हा उलटी. ते देवनागरी पत्ता ठेवतं, पण त्यातल्या प्रत्येक अक्षराची, काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरून, टक्क्याच्या चिन्हांची नऊ अक्षरी माळ होते. 'किकलीचे वीरगळ' यात अशा बारा खुणा आहेत, म्हणजे एवढ्यांचीच १०८ अक्षरं. व्हॉट्सॲपवर चिकटवला की पाच ओळींचा तो ऐवज पाहून समोरच्याला वाटतं व्हायरस आला. वर्डप्रेसच्या डेटाबेसात या भागाला २०० अक्षरांचीच जागा असते, म्हणजे देवनागरीच्या बाविसेक खुणा. शीर्षक लांब असेल तर पत्ता मध्येच तुटतो.

उपाय दोन्हीकडे एकच, प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हातानं द्यायचा. ब्लॉगरमध्ये लेख लिहिताना उजवीकडे पोस्ट सेटिंग्ज असतात. त्यात पर्मालिंक (लेखाचा पत्ता) उघडा, कस्टम निवडा, आणि रोमन लिपीत गावाचं नाव, आडवी रेघ, वीरगळ असं लिहा. लहान अक्षरं, मध्ये रिकामी जागा नाही. हे प्रसिद्ध केल्यानंतर आठवलं तर लेख पुन्हा मसुद्यात न्यावा लागतो, आणि आधी वाटलेले दुवे मरतात. ते वाचवायचे असतील तर सेटिंग्जमध्ये त्रुटी आणि पुनर्निर्देशन या भागात जुना पत्ता आणि नवा पत्ता यांची जोडी घाला. पण ही सर्कस टाळलेली बरी. स्पेलिंगचं मात्र एकदाच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

श्रीलिपीतल्या नोंदींना वेळ लागणार आहे, त्याची तयारी ठेवा. त्या फाइलींमध्ये प्रत्यक्षात मराठी नाहीच. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले आहेत. फॉन्ट काढला की खालचा कचरा उघडा पडतो. तसंच कॉपी करून ब्लॉगवर डकवलं तर वाचकाला तोच कचरा दिसणार. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलून घ्या. बदलणारी साधनं इंटरनेटवर मोफत आहेत, पण तुमची फाइल नेमक्या कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते त्यांना सांगावं लागतं. श्रीलिपीच्या फॉन्टच्या नावात क्रमांक असतो, तो वर्डमध्ये मजकूर निवडला की वरच्या पट्टीत दिसतो. सगळ्या फाइली एकदम बदलू नका. एकच पान बदला आणि छापील प्रतीशेजारी ठेवून तपासा. रफार जागेवर आहे का, पहिली वेलांटी जोडाक्षराच्या आधी नीट आली का, ज्ञ, क्ष, द्ध शाबूत आहेत का, आणि ऱ्य टिकला का. हा शेवटचा मुद्दा मराठीपुरताच. बरीच साधनं हिंदीसाठी बनवलेली असतात. त्यांना आपला ऱ्या माहीतच नसतो, ती सरळ र्या करून टाकतात. 'डोंगरदऱ्या'चं 'डोंगरदर्या' होतं, दरीचा समुद्र. अशा ठरावीक चुका पहिल्या पानावर सापडतात. त्यांची यादी करा आणि बाकीच्या पानांवर शोधा-बदला वापरून एकेक चूक एकदम दुरुस्त करा. वर्डमधून ब्लॉगरमध्ये डकवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, नाहीतर वर्डची अदृश्य सजावट मागोमाग येते आणि एकाच लेखात तीन आकारांची अक्षरं दिसू लागतात.

फेसबुकवरचं लेखन मात्र आधीपासून युनिकोडमध्येच आहे. तिथं 'तुमची माहिती डाउनलोड करा' अशी सोय आहे. स्वरूप विचारलं की एचटीएमएल निवडा, जेसन नको. फेसबुकच्या जेसन फाइलीत मराठीची अक्षरओळख बिघडलेली येते, आणि ती दुरुस्त करायला प्रोग्रॅमर लागतो. त्यातले फोटो वापरू नका, फेसबुकनं ते दाबून लहान केलेले असतात. कॅमेऱ्यातले किंवा मोबाइलमधले मूळ घ्या.

मूळ म्हणजे जशाच्या तसे नव्हेत. मोबाइलचा एक फोटो तीन ते पाच एमबीचा. असे बारा फोटो एका लेखात घातले तर कोरेगावच्या एसटीत बसून वाचणाऱ्याला शेवटचा फोटो स्टँड आल्यावर दिसेल. रुंदी १,६०० पिक्सेल आणि जेपेगची गुणवत्ता ७५-८० ठेवा. खडबडीत दगडाच्या पोतामुळे तुमच्या फाइली माणसांच्या फोटोंपेक्षा जरा मोठ्याच राहतील, चालेल. ब्राउझरमध्येच चालणारं स्क्वूश हे मोफत साधन यासाठी चांगलं आहे. ते फोटोत दडलेलं जागेचं अक्षांश-रेखांशही काढून टाकतं. वीरगळ उघड्यावर, बांधावर, देवळामागे पडलेले असतात. नेमका बिंदू जगाला सांगायचा की गावाच्या नावावर थांबायचं, हे तुम्ही ठरवा. आमचं मत गावापाशी थांबा. प्रत्येक फोटोवर टिचकी मारून पर्यायी मजकुरात 'किकली, तीन कप्प्यांचा वीरगळ, खालच्या कप्प्यात युद्धप्रसंग' असं एक वाक्य लिहा. शोधयंत्राला दगड दिसत नाही, ते हे वाक्य वाचतं.

थीम ब्लॉगरची स्वतःचीच घ्या. कॉन्टेम्पो बरी आहे, मोबाइलवर नीट बसते. बाहेरून फुकट मिळणाऱ्या टेम्प्लेटच्या तळाशी दुसऱ्याचे दुवे लपवलेले असतात, ते काढले तर काही थीम मुद्दाम साइट बिघडवतात. कुठलीही थीम घेतलीत, ब्लॉगरची किंवा पुढेमागे वर्डप्रेसची, तर आधी एक मराठी शीर्षक टाकून शिरोरेषा पाहा. इंग्रजी डिझायनर शीर्षकाच्या अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडतात. रोमन अक्षरांना ती शोभते, पण आपली शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ती जागा शून्य करता येत नसेल तर थीम बदला. अवतरणासाठी तिरपी अक्षरं असतील तर तीही टाळा. फॉन्टच्या यादीत फार वेळ घालवू नका. त्यातले बहुतेक रोमनसाठीच आहेत. त्यांत देवनागरी नसली की वाचकाच्या फोनमधला मराठी फॉन्ट आपोआप वापरला जातो. सेटिंग्जमध्ये ब्लॉगची भाषा मात्र मराठी करा. काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात, आणि भाषा मराठी सांगितली तरच ती बाहेर येतात.

लेबलं म्हणजे तुमची सूचिपत्रं. तालुका हे एक, कप्प्यांची संख्या हे दुसरं, हवं तर काळ हे तिसरं. एका लेखाला तीनपेक्षा जास्त नकोत. 'वीरगळ' आणि 'विरगळ' ही ब्लॉगरच्या हिशेबी दोन वेगळी लेबलं, म्हणून पहिल्यांदा टाइप केल्यानंतर पुढे यादीतूनच निवडा. तालुक्यांच्या लेबलांचे दुवे एका स्वतंत्र पानावर मांडा आणि ते पान वरच्या पट्टीत ठेवा, म्हणजे 'माझं मलाच सापडत नाही' हे संपलं. प्रतिक्रिया 'कोणीही' देऊ शकेल अशा ठेवा, नाहीतर गूगल खातं नसलेला गावातला माहीतगार माणूस लिहूच शकणार नाही. पण तपासणी 'नेहमी' ठेवा. तुम्ही मान्य केल्याशिवाय काहीच दिसणार नाही.

बाकीचे पर्याय थोडक्यात. विक्समध्ये साइट देखणी होते, पण तिथून उचलून दुसरीकडे न्यायची सोय नाही, आणि एकदा निवडलेलं टेम्प्लेटही नंतर बदलता येत नाही. सबस्टॅक म्हणजे ईमेलनं घरोघर जाणारं पत्र. ज्याला ठरावीक वाचकांना दर आठवड्याला गाठायचंय त्याच्यासाठी उत्तम, सूचिपत्र म्हणून बेताचं. स्वतःच्या डोमेनसाठी तिथं एकदाच ५० डॉलर लागतात. मीडियम वाचकाला मध्येच अडवून खातं उघडायला लावतं. घोस्ट आम्हाला आवडतं, पण त्याची बिलं डॉलरमध्ये आणि फुकटची योजना नाही. गूगल साइट्समध्ये तारखेवार लेखांची सोयच नाही.

उद्या तुम्हाला 'जावळी तालुक्यातले, चार कप्प्यांचे, अमुक उंचीपेक्षा मोठे' असा शोध एका बटणात हवा झाला, किंवा पाच जणांनी मिळून जिल्ह्याची नोंदवही करायची ठरली, तर ब्लॉगर तोकडं पडेल. तेव्हा वर्डप्रेस, आणि तेव्हा ३५ हजारवाल्याशी बोलायला हरकत नाही. त्याला कागदावर लिहून द्यायला सांगा: डोमेन आणि होस्टिंग कुणाच्या खात्यात, ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडे येणार का, दुसऱ्या वर्षापासून दर साल किती, बॅकअप किती दिवसांनी आणि कुठं, थीम आणि प्लगइनचे परवाने कुणाच्या नावावर. शेवटच्या प्रश्नावर तो अडखळला तर चोरीची थीम आहे असं समजा. तोवर नकाशाची हौस गूगलच्या माय मॅप्सवर भागेल. गावांची एक तक्ता-फाइल द्यायची, एका थरात २,००० ओळींपर्यंत ते घेतं, आणि त्यानं दिलेला तयार तुकडा ब्लॉगच्या पानात एचटीएमएल दृश्यात डकवायचा. कोड म्हणाल तर तेवढाच, तोही दुसऱ्यानं लिहिलेला.

दर तीन महिन्यांनी ब्लॉगची फाइल उतरवून घ्या. त्या फाइलीत फोटो नसतात, फोटोंचे नुसते दुवे असतात. मूळ फोटो गावाच्या नावाच्या फोल्डरांत वेगळ्या हार्ड डिस्कवर हवेतच. आणखी एक: दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं गूगल त्यातल्या सगळ्यासकट पुसू शकतं. तुमच्या आजारपणात किंवा परगावी राहण्यात ते व्हायला नको. सेटिंग्जमधल्या परवानग्यांत भाच्याला लेखक म्हणून निमंत्रण पाठवा, त्यानं ते स्वीकारलं की त्याला ॲडमिन करा. डोमेनचं बिल मात्र तुमच्याच ईमेलवर येऊ द्या.